फ्लॉरेन्स एका दिवसात, पायी: दुओमोपासून कोल्हापूरच्या महाराजांच्या छत्रीपर्यंत

इटलीच्या सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुतेकांचा एकच दिवस येतो. सकाळी रोमहून जलद गाडीने दीड तासात इथे यायचं, दुओमो म्हणजे इथलं मुख्य चर्च, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा आणि जुना पूल बघायचा आणि रात्री पुढच्या गावाला निघायचं. एका दिवसात हे शहर छान बघून होतं, कारण जुनं गाव लहान आहे आणि जवळपास सगळं पायी करता येतं. पण मराठी माणसाने त्या दिवसातले दोन-अडीच तास एका वेगळ्या जागेसाठी राखून ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं. शहराच्या पश्चिम टोकाला आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम आहे. १८७० साली कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांवर तिथे अग्निसंस्कार झाला. त्या जागी त्यांची छत्री उभी आहे.

मी दोनदा गेले. पहिल्या खेपेला छत्रीपर्यंत पोचलेच नाही. दुपारपर्यंत दोन संग्रहालयं आणि एक मनोरा करून पाय इतके भरून आले होते की निम्म्यातूनच परत फिरले. दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती, म्हणून दिवस नीट आखला. तोच आराखडा इथे देते.

निघण्याआधी

पहिला निर्णय घरीच घ्या: आतून काय बघायचं? दुओमोच्या घुमटावर चढायचं, उफ्फीझी संग्रहालयातली चित्रं बघायची, की अकादेमिया संग्रहालयातला मूळ डेव्हिड? यातलं एकच निवडा. तिन्ही हवं असेल तर दोन दिवस काढा. एका दिवसात तिन्ही कोंबली की कशाचीच आठवण धड राहत नाही. चित्रांची ओढ असेल तर उफ्फीझी घ्या. पहिल्यांदाच जात असाल आणि गुडघे साथ देत असतील, तर मी घुमट सुचवेन.

जे निवडाल त्याचं वेळेसह तिकीट आधी ऑनलाइन काढा. घुमटाचा जिना अरुंद असल्यामुळे ठरावीक वेळेला ठरावीकच माणसं सोडतात. आयत्या वेळी जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका. उफ्फीझी आणि अकादेमिया सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश फुकट असतो. ऐकायला छान वाटतं, पण त्या दिवशी गर्दी एवढी असते की हातात एकच दिवस असेल तर तो रविवार टाळाच.

महिना निवडता येत असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर जातो आणि दगडी गल्ल्या तव्यासारख्या तापतात. हिवाळ्यात हवा छान असते, पण नोव्हेंबरअखेर संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य मावळतो. तेव्हा गेलात तर खाली दिलेला क्रम उलटा करा: छत्री सकाळी, शहर नंतर.

बूट जुने, पायाला सरावलेले घ्या. इथली फरसबंदी मोठ्या दगडी लाद्यांची आहे, त्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत आणि पावसात घसरतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. एक ओढणी किंवा पातळ उपरणं पिशवीत टाका. पाण्याची बाटलीही घ्या, ती भरायची सोय पुढे सांगते. आणि पाकीट मागच्या खिशात ठेवू नका, विशेषतः स्टेशनवर आणि दुओमोच्या गर्दीत.

पत्ता कसा वाचायचा

हे कळलं नाही तर पंधरा मिनिटं एकाच गल्लीत वर-खाली चालाल. मी चालले आहे. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरांच्या क्रमांकांच्या दोन मालिका असतात. राहत्या घरांचे क्रमांक निळे किंवा काळे, दुकानं आणि खानावळींचे लाल. दोन्ही आपापल्या क्रमाने चालतात, त्यामुळे निळा २० आणि लाल २० एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात. पत्त्यात आकड्यानंतर 'आर' हे अक्षर दिसलं, तर तो लाल क्रमांक समजायचा. 'रोस्सो' म्हणजे लाल.

आणखी चार शब्द पाठ करा: व्हिया म्हणजे रस्ता, पियात्सा म्हणजे चौक, पोंते म्हणजे पूल, बोर्गो म्हणजे जुन्या तटाबाहेर वाढलेली वस्ती.

सकाळी आठ: स्टेशनवरून दुओमोकडे

सगळ्या मुख्य गाड्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर येतात. सामान असेल तर स्टेशनातच पैसे भरून ठेवायची सोय आहे. बॅगेची चाकं ओढत या लाद्यांवरून फिरायचा विचारही करू नका.

बाहेर पडताच समोर त्याच नावाच्या चर्चची मागची बाजू दिसते. वळसा घालून पुढच्या चौकात या. हिरव्या-पांढऱ्या संगमरवराचं ते दर्शनी अंग आल्बेर्तीने रचलं आणि १४७० मध्ये पुरं झालं. दोन मिनिटं बघा आणि पुढे चला. इथून दुओमो दहा मिनिटांवर आहे, आणि गर्दीच्या आधी तिथे पोचणं महत्त्वाचं.

गल्लीतून चालता चालता ते एकदम समोर येतं. गल्ली एवढी अरुंद आणि इमारत एवढी मोठी, की ती संपूर्ण कुठूनच नजरेत मावत नाही. काम १२९६ मध्ये सुरू झालं, पण घुमटाची जागा शंभरहून जास्त वर्षं उघडीच होती. सुमारे ४५ मीटर रुंदीचं ते भोक झाकायचं कसं, हे कुणालाच सुचत नव्हतं. एवढ्या मोठ्या कमानीला खालून टेकू द्यायचा, तर तेवढी लाकडं आणायची कुठून? फिलिप्पो ब्रुनेल्लेस्कीने खालून आधार न देताच घुमट बांधायचा ठरवला. १४२० मध्ये काम सुरू झालं आणि १४३६ मध्ये घुमट उभा राहिला. त्याने एकात एक अशी दोन कवचं बांधली आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या-उभ्या गुंफल्या. ओला गिलावा वाळेपर्यंत प्रत्येक थर शेजारच्या विटांमुळे जागच्या जागी अडकून राही. चाळीस लाखांहून जास्त विटा लागल्या.

घुमटाचं तिकीट असेल तर ४६३ पायऱ्या चढायच्या आहेत. लिफ्ट नाही. आधी जिना गोल गोल जातो, मग घुमटाच्या आतल्या कडेने अरुंद सज्जावरून चालायचं, डोक्यावर वासारी आणि झुक्कारीने रंगवलेला अंतिम न्यायनिवाडा. त्यानंतर दोन कवचांच्या मधल्या पोकळीत शिरायचं. इथे थांबा आणि भिंतीवर हात ठेवा. भिंत तुमच्याकडे झुकलेली असते, वळणावर त्या तिरक्या विटा उघड्या दिसतात, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याचं काम एका वितीवर येतं. वरून दिसणारी लाल कौलांची छपरं सुंदर आहेतच, पण मला जास्त आठवते ती ही आतली वाट. श्वास लागणाऱ्यांनी, बंद जागेची भीती असणाऱ्यांनी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी चढू नये. आई खाली चौकात कॉफी घेत बसली.

खाली आल्यावर घुमटाच्या मागच्या बाजूला जमिनीत पांढरी गोल संगमरवरी लादी शोधा. शिखरावरचा सोनेरी गोळा इ.स. १६०० च्या सुमारास वीज पडून इथे कोसळला होता, त्याची ती खूण. लोक तिच्यावरून चालत जातात आणि त्यांना पत्ताही नसतो.

समोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचं पूर्वेकडचं सोनेरी दार बघा. गिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं त्यावर घालवली. इथे दिसते ती प्रतिकृती, मूळ दार मागच्या संग्रहालयात आहे.

आणि दुओमोच्या नक्षीदार दर्शनी भागाकडे बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो जुना नाही, १८८७ मध्ये पुरा झाला. राजाराम महाराज इथे आले तेव्हा ही भिंत उघडी-बोडकी होती. पुढे चालताना हा १८७० चा हिशेब मनात ठेवा, शहर वेगळंच दिसायला लागतं. त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. १८६५ मध्ये मिळालेला तो मान १८७१ मध्ये रोमकडे गेला.

साडेदहा: सिन्योरियाचा चौक

दुओमोपासून दक्षिणेला व्हिया देई काल्त्सायुओली या रस्त्याने सरळ चाला. उजव्या हाताला चौकोनी दगडी पेटीसारखं ओर्सान्मिकेले दिसेल. इथे आधी धान्याचा बाजार होता, नंतर त्याचं चर्च झालं. शहरातल्या व्यापारी-कारागीर संघांनी बाहेरच्या कोनाड्यांत आपापल्या संतांचे पुतळे बसवले.

पुढे पियात्सा देल्ला सिन्योरिया. पालात्सो वेक्यो या जुन्या नगरभवनाच्या दाराशी उभा असलेला डेव्हिड ही प्रतिकृती, १९१० मध्ये बसवलेली. मूळ पुतळा १५०४ पासून याच जागी ऊन-पाऊस सोसत होता आणि १८७३ मध्ये आत नेला. म्हणजे १८७० मध्ये या चौकात मायकेलअँजेलोचा खरा डेव्हिड उघड्यावर उभा होता. शेजारच्या कमानींखाली, लोज्जा देई लांत्सीत, चेल्लिनीचा पर्सियस आणि इतर मूळ शिल्पं आहेत, तीही विनातिकीट. आत शिरून सावकाश बघा. नेपच्यूनच्या कारंज्याजवळ जमिनीत एक गोल चकती आहे. धर्मोपदेशक साव्होनारोला याला २३ मे १४९८ रोजी फाशी देऊन इथेच जाळलं.

पाण्याचं सांगायचं होतं ते इथे. पालात्सो वेक्योच्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक नळ आहे. साधं आणि बुडबुड्यांचं, दोन्ही पाणी फुकट मिळतं. बाटली भरून घ्या, म्हणजे विकतची घ्यावी लागत नाही.

बारा: पूल ओलांडून जेवायला

उफ्फीझीच्या दोन अंगांमधून चालत नदीवर या आणि उजवीकडे पोंते व्हेक्योकडे वळा. हा पूल १३४५ चा. आधी इथे खाटकांची दुकानं होती. १५९३ मध्ये त्यांना हलवून सोनारांना जागा दिली आणि आजही सोनारच आहेत. दुकानांच्या डोक्यावरून जाणारी बंद वाट तेव्हा इथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यासाठी १५६५ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत बांधली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने इथले बाकी सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला. पुलावर फार वेळ काढू नका, गर्दीत चालवत नाही.

पलीकडच्या भागाला ओल्त्रार्नो म्हणतात, आर्नोपलीकडचं. उजवीकडे वळून दहा मिनिटांत सांतो स्पिरितोच्या चौकात पोचाल. झाडं, बाकं, आणि ब्रुनेल्लेस्कीच्याच आराखड्याचं साध्या भिंतीचं चर्च. जेवायला इथे थांबा, दुओमोच्या सावलीत नको.

शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. रिबोल्लीता म्हणजे पांढरे घेवडे, काळसर पानांची भाजी आणि शिळा पाव घालून शिजवलेला दाट रस्सा. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटो आणि शिळा पाव यांचं मऊ, लसणाच्या वासाचं मिश्रण. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करतात, त्यातलीच समज. आईने पहिला घास घेतला आणि थोडं मीठ मागितलं. मीठ रश्श्यात कमी नव्हतं, पावात नव्हतं. या भागातला पाव मीठ न घालताच भाजतात. ऑर्डर देताना 'सेंत्सा कार्ने', मांसाशिवाय, असं स्पष्ट सांगा आणि रस्सा मांसाच्या पाण्यात केलाय का तेही विचारा. रस्त्यावरच्या गाड्यांवर लांप्रेदोत्तो दिसेल. ते गाईच्या पोटाच्या एका भागाचं असतं, न खाणाऱ्यांनी नाव ओळखून ठेवा.

बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी छोटी रक्कम लागते, ती फसवणूक नाही. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर भाव वाढतो. कॉफी घेतली की तिथलं स्वच्छतागृह मोकळेपणाने वापरता येतं, हा उपयोग विसरू नका. चर्चच्या पायऱ्यांवर बसून खाऊ नका, हटकतात.

जेवणानंतर या गल्ल्यांत भिंतींवर लक्ष ठेवा. मोठ्या वाड्यांच्या दारांशेजारी कमरेच्या उंचीवर फूटभर उंचीची कमानदार खिडकी दिसेल, जेमतेम एक बाटली जाईल एवढी. शेतावरची वाईन वाड्याचा मालक यातून थेट विकायचा. जुन्या गावात अशा दीडशेहून जास्त खिडक्या आहेत. काही भिंतींवर डोक्याच्याही वर एक आडवी रेघ आणि ४ नोव्हेंबर १९६६ ही तारीख कोरलेली आढळते. त्या दिवशी आर्नोचं पाणी तिथवर चढलं होतं. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला ती रेघ समजावून सांगावी लागत नाही. आई तिच्याखाली बराच वेळ उभी होती.

तीन: काठाकाठाने पश्चिमेला

सांता त्रिनिता पुलावरून परत उत्तर काठावर या. हा पूलही १९४४ मध्ये उडवला होता. नदीतून जुने दगड काढून तो १९५८ मध्ये पुन्हा जसाच्या तसा उभारला. कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे आहेत. वसंताचं डोकं मात्र सापडत नव्हतं, ते १९६१ मध्ये नदीच्या तळातून वर आलं.

आता नदी डाव्या हाताला ठेवून सरळ चाला. ओन्यिस्सांती चौक ओलांडला की पर्यटक विरळ होतात आणि पुढे शहराचं मोठं उद्यान लागतं. त्याचं नाव काश्शीने. अर्थ गाईगुरांचे गोठे, पण मराठी कानाला आधी 'काशी' ऐकू येतं. तीनेक किलोमीटर लांबीची ही हिरवी पट्टी नदीला लागून जाते. मंगळवारी सकाळी इथे मोठा बाजार भरतो.

एवढं चालवत नसेल तर स्टेशनजवळून टी-१ ट्राम घ्या आणि काश्शीने नावाच्या थांब्यावर उतरा. तिथूनही नदीकाठाने पश्चिमेला अडीच-तीन किलोमीटर चालायचं राहतंच, रस्ता सपाट आणि सावलीचा आहे. आईला घेऊन मी असंच गेले, दर दहा मिनिटांनी बाकावर टेकत. ट्रामचं तिकीट 'टी' अशी पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतं, चढल्यावर ते यंत्रात शिक्का मारून घ्यायचं.

वाटेत विचारायचं झालं तर महाराजांचं नाव कुणाला कळणार नाही. 'इंदियानो' म्हणा. तो भारतीय. उद्यानाच्या त्या टोकाला शहर याच नावाने ओळखतं, आणि शेजारी १९७० च्या दशकात बांधलेल्या तारांच्या मोठ्या पुलाचं नावही पोंते आल्ल'इंदियानो आहे.

छत्री झाडांच्या मोकळ्या जागेत उभी आहे. चार बाजूंनी खांब, वर घुमटी, आणि आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, डोक्यावर पागोटं, गळ्यात माळा. चौथऱ्यावर इटालियन-इंग्रजीसह चार भाषांत लेख आहेत. राजाराम महाराज १८६६ मध्ये गादीवर आले. १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा करून ते परत निघाले होते, वाटेत फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला एका हॉटेलात त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. त्या प्रवासात लिहिलेली त्यांची रोजनिशी १८७२ मध्ये छापून निघाली. प्रेत जाळायची तेव्हा इथे मुभा नव्हती. शहराच्या कारभाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि बरोबरच्या माणसांनी रात्रीच्या अंधारात, शहराबाहेर, संगमावर चिता रचली. परक्या मुलखात, डिसेंबरच्या थंडीत, त्यांनी दोन नद्या मिळतात ती जागा शोधून काढली, हे मला तिथे उभं राहिल्यावरच नीट समजलं. छत्री १८७४ मध्ये उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही पुढे त्यांनीच रचला, त्यामुळे कोल्हापूरकराला इथली वळणं ओळखीची वाटतील.

आई राजाराम कॉलेजात शिकली आहे. चार वर्षं ज्या नावाच्या फाटकातून ती ये-जा करत होती, ते नाव या माणसाचं, हे तिला इथे येईपर्यंत लख्ख जाणवलं नव्हतं. बूट काढून ती गवतावर उभी राहिली आणि दुपारी सांतो स्पिरितोच्या बाजारात घेतलेली दोन पिवळी फुलं तिने चौथऱ्यापाशी ठेवली. तुम्हीही फूल न्यायचं ठरवलंत तर ते शहरातूनच घ्या, उद्यानात काही मिळत नाही.

छत्रीपासून पुढे काही पावलांवर मुन्योने आर्नोला मिळते. तिथवर जाऊन या. पाणी उथळ असतं, काठावर गळ टाकून बसलेला एखादा माणूस दिसतो.

परतीसाठी उजेड असतानाच निघा. अंधार पडल्यावर हा भाग सुनसान होतो आणि एकट्याने, विशेषतः बाईने, तिथे थांबू नये. ट्रामच्या थांब्यापर्यंत पाऊण तास धरा, तिथून स्टेशन काही मिनिटांवर. रात्रीची गाडी असेल, तर छत्रीपाशी निघायची वेळ आणि गाडीची वेळ यांत दोन तासांचं अंतर ठेवा, कारण सामान सोडवायलाही रांग असते.